अडतं कुठे, ते आधी विचार

पत्र: ताई, मी सव्वीस वर्षांची आहे. समाजकार्याचं शिक्षण घेऊन दोन वर्षं एका संस्थेत काम करते. संस्थेने आता एचआयव्ही प्रतिबंधाचं काम हाती घ्यायचं ठरवलंय आणि आराखडा करायचं माझ्या गळ्यात पडलंय. आमच्या टापूत देहविक्री करणाऱ्या बायका आहेत, सुईने नशा करणारी मुलं आहेत, पुरुषांशी संबंध ठेवणारे पुरुष आहेत, तृतीयपंथी आहेत, मुक्कामाला थांबणारे ट्रकचालक आहेत आणि शिकणाऱ्या तरुण मुलीही आहेत. अध्यक्ष म्हणतात, सगळ्यांसाठी एकच दणदणीत जनजागृती करू: फेरी, पथनाट्य, पोस्टर, व्याख्यानं. मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे मांडता येत नाही. मी सुया-सिरिंज वाटायचा विषय काढला तर एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "मग उद्या दारूही वाटा." सगळे हसले आणि मी खाली बसले. तीन आठवड्यांनी पुन्हा बैठक आहे. कुणासाठी नेमकं काय उपयोगी पडतं, सांगाल का? आणि एक कबुली देते. बैठकीत 'कंडोम' हा शब्द उच्चारताना माझा आवाज अजून बारीक होतो. मला अहो-जाहो करू नका.

उत्तर:

अगं, खाली बसलीस याचं मनाला लावून घेऊ नकोस. तुझ्या वयाची असताना मीही बसले असते. त्या सदस्यांकडे येतेच मी. पण सुरुवात अध्यक्षांपासून करू. फेरी आणि पथनाट्य यांच्यामागे एक समजूत दडलेली असते: लोकांना माहीत नाही म्हणून लागण होते, सांगितलं की थांबते.

मीसुद्धा एके काळी हेच धरून चालले होते. काम नवं होतं. एका वस्तीत आम्ही तीन महिने घरोघर पत्रकं वाटली, लाकडी नमुन्यावर कंडोम कसा चढवायचा ते दाखवलं, पाकिटं दिली. चाळिशीतली एक बाई केस विंचरत सगळं ऐकून घ्यायची, मान डोलवायची. एक दिवस तिने पलंगाखालून पत्र्याची पेटी ओढली आणि उघडून माझ्यासमोर ठेवली. आत आम्हीच दिलेली पाकिटं, नीट रचून ठेवलेली. म्हणाली, "तुम्ही देता, मी ठेवते. गिऱ्हाईक म्हणतं, नको. मी म्हटलं लाव, तर ते उठून शेजारच्या खोलीत जातं. तिला सांगा ना, तिनेही नाही म्हणायचं."

मी मान डोलवली आणि आणखी एक पाकीट तिच्या हातावर ठेवलं. आठवलं की अजून कानकोंडं होतं. त्या एका वाक्यात तिने अख्खा कार्यक्रम आखून दिला होता आणि मला तो दिसलाही नाही.

तिने सांगितलं होतं तेच थायलंडने करून दाखवलं. १९८९ साली रात्चबुरी प्रांतात त्यांनी नियम केला की कुठल्याही वेश्यागृहात कंडोमशिवाय गिऱ्हाईक घ्यायचं नाही, आणि १९९१पासून तो देशभर लागू केला. खरी मेख 'कुठल्याही' या शब्दात आहे. सगळीकडून एकच उत्तर मिळायला लागलं की गिऱ्हाईक उठून जाणार कुठे? नियम पाळायची जबाबदारी मालकांवर होती. एखाद्या पुरुषाला गुप्तरोग झाला की तो कुठे गेला होता ते विचारून त्या जागेपर्यंत पोचत. १९८९ साली तिथला कंडोमचा वापर १४ टक्क्यांच्या आसपास होता, चार वर्षांत तो ९०च्या वर गेला. पुरुषांमधले गुप्तरोगही त्याच काळात झपाट्याने खाली आले. त्या बायकांना आधी माहिती नव्हती आणि मग मिळाली, असं काही झालेलं नव्हतं. बदलला तो सौदा.

या कार्यक्रमाला एक काळी बाजूही आहे, तीही बैठकीत लपवू नकोस. तो वरून आला होता. बायकांना कुणी विचारलं नव्हतं, तपासण्यांत सक्ती होती आणि ज्या बायका वेश्यागृहाबाहेर, बारमध्ये किंवा मसाजच्या जागी धंदा करत त्या नियमातून निसटल्या. म्हणून मला कोलकात्याच्या सोनागाछीचं काम जास्त जवळचं वाटतं. १९९२मध्ये डॉ. स्मरजित जाना यांनी ते सुरू केलं ते याच धंद्यातल्या बायकांना कार्यकर्त्या करून. खाणकामगाराच्या फुप्फुसांचा प्रश्न जसा कामाच्या जागेचा असतो तसाच हा प्रश्न मानायचा, अशी मांडणी होती. पुढे १९९५मध्ये बायकांनी दुर्बार महिला समन्वय समिती ही स्वतःची संघटना उभी केली आणि बचत-कर्जासाठी उषा नावाची सहकारी संस्थाही काढली. आता एचआयव्हीच्या कामात पतसंस्था कशाला, असं तुझ्या बैठकीत कुणीतरी विचारेल. सावकाराचा हप्ता उद्यावर आलेला असला की आज रात्री बाई 'नाही' म्हणू शकत नाही, एवढंच सांग. तिच्या 'नाही'ला मागे काहीतरी टेकू लागतो: चार पैसे शिल्लक, शेजारणीची साथ, पोलिसाने उगाच उचललं तर धावून येणारं कुणी.

तेव्हा या गटासाठी आराखड्यात कंडोमबरोबर गुप्तरोगांचे उपचार, मारहाण झाली तर रात्री उचलला जाणारा फोन, आणि संघटनेसाठी वेळ व पैसा हे सगळं असू दे. दवाखान्याची वेळ मात्र त्यांना विचारून ठरव. आम्ही सकाळी दहाला उघडायचो, तेव्हा सगळी वस्ती झोपलेली असायची. डॉक्टर पेपर वाचत बसायचे आणि अहवालात आम्ही लिहायचो, 'प्रतिसाद अल्प'.

आता थायलंडचीच दुसरी गोष्ट, आणि एकच कार्यक्रम का पुरत नाही याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही. त्याच देशात, त्याच वर्षांत, सुईने नशा करणाऱ्यांमधलं लागणीचं प्रमाण मात्र तीस टक्क्यांच्या वरच राहिलं, वर्षानुवर्षं. वेश्यागृहातल्या नियमाचा त्यांना काय उपयोग? त्यांची लागण रक्तातून होत होती, आणि सुयांच्या बाबतीत सरकारचं धोरण वेगळंच होतं: पकडा आणि आत टाका. एका दरवाजाला कुलूप लावलं म्हणून शेजारचा बंद होत नाही.

तर आता दारूवाल्या सदस्यांकडे येऊ. त्यांना शांतपणे सांग, दारूच्या ग्लासातून एचआयव्ही पसरत असता तर स्वच्छ ग्लास वाटा म्हणणारी मी पहिली असते. आपण नशेचं सामान पुरवत नाही. नशा तो करतोच आहे, सुई तुम्ही दिली नाहीत तरी. प्रश्न एवढाच आहे की ती सुई त्याच्या आधी आणखी किती जणांच्या शिरेत गेली होती.

एवढ्याने गप्प बसले नाहीत तर दोन गावांची गोष्ट सांग. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला स्कॉटलंडमधल्या एडिंबरात पोलीस सुया जप्त करत होते आणि औषधाच्या दुकानांत सिरिंज मिळणं अवघड झालं होतं. मुलं एकाच सुईवर पाच-दहा जण भागवायला लागली. तिथल्या एका दवाखान्यातली पाहणी १९८६ साली प्रसिद्ध झाली. सुईने नशा करणाऱ्या ज्यांची तपासणी झाली त्यांपैकी निम्म्यांना लागण झालेली होती. तासाभराच्या अंतरावरच्या ग्लासगोत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास होतं. देश तोच, नशा तीच. सुई मिळण्यात मात्र फरक होता.

ही फार जुनी गोष्ट झाली असं म्हणाले तर अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातली स्कॉट काउंटी घे. आधीच्या दहा वर्षांत तिथे एचआयव्हीचे पाचच रुग्ण नोंदले गेले होते. तिथलं ऑस्टिन हे जेमतेम चार-साडेचार हजार वस्तीचं गाव, आणि तिथे वेदनाशामक गोळ्या विरघळवून सुईने घ्यायचं लोण पसरलं होतं. २०१४च्या अखेरीपासून वर्षभरात १८०हून जास्त जणांना लागण झाली. जुनी सुई घेऊन नवी द्यायची, या सुयांच्या अदलाबदलीला राज्याच्या कायद्याने बंदी होती. राज्यपाल माइक पेन्स यांचा या कल्पनेला स्पष्ट विरोध होता, पण मार्च २०१५मध्ये त्यांनाच आणीबाणी जाहीर करून परवानगी द्यावी लागली. सुया आल्या, चाचण्या आल्या, औषधं आली आणि नव्या लागणी घसरल्या. विरोध करणाऱ्या माणसाच्याच हातून ते झालं, म्हणून ही गोष्ट तुझ्या सदस्यांसाठी खास राखून ठेव.

'यामुळे नशा वाढते' या आक्षेपावर जागतिक आरोग्य संघटनेने २००४मध्ये साऱ्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. नशा वाढल्याचा पुरावा सापडला नाही. आणि गंमत बघ, अशी पहिली रीतसर अदलाबदल अॅमस्टरडॅममध्ये १९८४ साली सुरू झाली ती नशा करणाऱ्यांच्याच संघटनेच्या पुढाकाराने, तीही काविळीच्या, म्हणजे हिपॅटायटिस बीच्या धास्तीने.

आता कामाचे बारकावे, कारण इथेच बहुतेक संस्था फसतात. महिन्याला दोन सुया दिल्या तर त्याला कार्यक्रम म्हणत नाहीत, तो देखावा झाला. दर माणशी वर्षाला किमान २०० सुया-सिरिंज हा आंतरराष्ट्रीय निकष आहे, आणि दिवसातून तीन-चारदा टोचणाऱ्याला त्याही अपुऱ्या पडतात. 'एक जुनी आणा, एक नवी न्या' असा हट्ट धरू नकोस. जुन्या सुया खिशात बाळगल्या तर पोलीस पकडतील या भीतीने मुलं येणारच नाहीत. परत आणल्या तर उत्तमच, त्यासाठी जाड प्लास्टिकचा डबा ठेव. सिरिंज कुठली घ्यायची, हेही त्यांनाच विचार. सुई वेगळी निघते अशा सिरिंजच्या तोंडाशी, दट्ट्या पूर्ण दाबला तरी, थोडं रक्त उरतं. इन्सुलिनच्या पक्क्या सुईच्या सिरिंजमध्ये ते फारच कमी उरतं. शिरा खराब झालेल्याला मात्र लांब सुई लागते. तुझी आखूड सुई तो घेईल आणि कोपऱ्यावर टाकून देईल. आणि नुसती सुई वेगळी असून भागत नाही. औषध विरघळवायचा चमचा, गाळायचा कापसाचा बोळा, धुवायचं पाणी एकच असेल तर रक्त तिथूनही फिरतं.

मुलं केंद्रावर येतात कशासाठी, ठाऊक आहे? टोचून टोचून दंडावर गळवं झालेली असतात, ती धुवून पट्टी बांधून घ्यायला. एचआयव्हीचं नाव काढायच्या आधी पट्टी बांधायची नर्स नेम. दुसरा मोठा आधार म्हणजे मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन. ही औषधं डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतली की तलफ भागते आणि सुईची गरज पडत नाही. अफूवर्गीय नशा करणाऱ्यांत या उपचाराने एचआयव्हीचा धोका निम्म्याहून खाली येतो. सुया आणि हे औषध, दोन्ही लागतं. एक देऊन दुसऱ्याला कात्री लावू नकोस. सुया वाटण्याचा कायदा देशोदेशी वेगळा आहे, म्हणून लेखी परवानगी हातात घेऊनच काम सुरू कर, नाहीतर तुमचेच कार्यकर्ते पोलीस ठाण्यात बसतील.

तुरुंग तुझ्या यादीत नाही. पण यातली निम्मी मुलं तिथून जाऊन-येऊन असतात. स्वित्झर्लंडच्या काही तुरुंगांत १९९०च्या दशकापासून आतही सुया मिळतात. तुला ते लगेच जमणार नाही. निदान सुटणाऱ्याला पहिल्या दिवशी गाठता येईल एवढं बघ. तुरुंगात अंगाची सवय मोडलेली असते आणि बाहेर आल्यावर जुन्याच मात्रेने जीव जातो.

पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या पुरुषांसाठी आज हाताशी असलेलं सगळ्यात दमदार साधन म्हणजे प्रेप, लागण होण्याआधीच घ्यायचं औषध. २०१०मध्ये या गोळीच्या आयप्रेक्स नावाच्या औषधचाचणीचा निकाल आला तेव्हा लागण ४४ टक्क्यांनी कमी दिसली आणि अनेकांनी नाक मुरडलं. पण ज्यांच्या रक्तात औषध खरोखर सापडलं त्यांच्यात संरक्षण ९० टक्क्यांहून जास्त होतं. गोळी डबीत ठेवून काम करत नाही, इतकी साधी गोष्ट. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्याने २०१६मध्ये ती थोडक्यांपुरती न ठेवता काही महिन्यांतच ३,७०० पुरुषांना दिली. वर्षभरात राज्यातल्या अशा पुरुषांमधल्या नव्या नोंदी २९५वरून २२१वर आल्या, म्हणजे पाव भाग कमी. आकड्यांच्या आत गेलीस तर दिसेल की तरुणांमध्ये आणि परदेशात जन्मलेल्या अनेकांमध्ये घट तितकी झाली नाही. चांगल्या कार्यक्रमातही जो सहज सापडतो त्यालाच आधी मिळतं.

प्रेप सुरू करण्याआधी एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह हवी, मूत्रपिंडाचं काम बघायला हवं, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही, पण त्या तिमाही भेटीत ते पकडले जातात. इथे तुझी अडचण औषधाची कमी आणि माणसं सापडण्याची जास्त असेल. यातले कितीतरी जण लग्न झालेले, स्वतःला कुठलंही नाव न लावणारे. 'समलिंगींसाठी दवाखाना' अशी पाटी लावलीस तर त्या दाराकडे ते फिरकणारही नाहीत. ते एकमेकांना फोनवरच्या ॲपवर भेटतात, तर तिथेच त्यांच्यातला कुणीतरी बोलायला ठेव. घरी करायची चाचणी दे, एक स्वतःसाठी आणि एक मित्रासाठी.

आणि तृतीयपंथीयांना याच रकान्यात कोंबू नकोस. मी ती चूक वर्षानुवर्षं केली, कारण अहवालाच्या तक्त्यात तशी सोय होती. ट्रान्स बाईची पहिली काळजी बहुतेक वेळा हार्मोन्सची असते. प्रेपमुळे हार्मोन्सचा असर जाईल या भीतीने कित्येक जणी गोळी टाळतात. तसं होत नाही, हे तपासलं गेलंय, पण त्यांच्या डॉक्टरने सांगितल्याशिवाय त्या का विश्वास ठेवतील? बँकॉकमध्ये २०१५ साली टँजरिन क्लिनिक सुरू झालं. तिथे हार्मोन्सचा सल्ला आणि एचआयव्हीची सेवा एकाच छताखाली मिळते. बाई हार्मोन्ससाठी येते आणि जाताना चाचणीही करून जाते. नोंदवहीत तिने सांगितलेलंच नाव लिहायचं, आणि तेच नाव रांगेत मोठ्याने पुकारायचं. एवढ्यासाठी अनुदान लागत नाही.

तरुण मुलींचं प्रकरण सगळ्यात गुंतागुंतीचं आहे. अध्यक्षांच्या व्याख्यानमालेचा रोख त्यांच्यावरच असणार. केनियात काही शाळांमध्ये एक प्रयोग झाला होता. सरकारी अभ्यासक्रम 'संयम पाळा' एवढंच शिकवत होता आणि त्याचा गर्भधारणेच्या आकड्यावर काही फरक पडला नाही. दुसऱ्या गटाला फक्त एक नेमकी गोष्ट सांगितली: वयाने मोठ्या पुरुषांमध्ये लागणीचं प्रमाण बरोबरीच्या मुलांपेक्षा कितीतरी जास्त आहे, हे आकडे. त्या शाळांतल्या मुलींमध्ये गर्भधारणा २८ टक्क्यांनी कमी झाल्या. तेव्हा माहितीचं वावडं मलाही नाही. फळ्यावर उपदेश लिहिण्यापेक्षा वापरता येईल असा एक आकडा बरा.

पैशांचंही तसंच. मलावीच्या झोम्बा भागात शाळकरी मुलींना आणि त्यांच्या घरच्यांना दर महिन्याला थोडी रोख रक्कम दिली. दीड वर्षानंतर पैसे मिळणाऱ्या मुलींमध्ये लागणीचं प्रमाण १.२ टक्के होतं, न मिळणाऱ्यांमध्ये ३ टक्के. मोठ्या वयाच्या माणसाकडून काही घ्यायची वेळ कमी आली. हे वाचून तू लगेच आराखड्यात रोख मदत टाकशील, म्हणून दुसरंही सांगते. दक्षिण आफ्रिकेत असाच प्रयोग हजेरीच्या अटीवर केला तर लागणीत काहीच फरक दिसला नाही. तिथे मुली पैसे मिळोत न मिळोत, ९५ टक्के हजर राहतच होत्या. जिथे अडत नाही तिथे पैसा ओतला की तो मुरून जातो.

प्रेपच्या गोळीच्या बाबतीत व्हॉइस नावाची औषधचाचणी मी विसरू शकत नाही. दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेतल्या पाच हजार स्त्रिया. विचारलं तर जवळपास सगळ्या म्हणायच्या, रोज घेतो. रक्त तपासलं तर एक तृतीयांशांच्याही अंगात औषध नाही. खोटारड्या होत्या का? घरात गोळ्यांची डबी सापडली की सासू म्हणणार, हिला एड्स झालाय. नवरा म्हणणार, तुला हे कशाला लागतं? डबीतल्या गोळ्या खुळखुळतात तो आवाजसुद्धा नडतो. म्हणूनच लेनाकॅपाविर या नव्या प्रेपच्या औषधाच्या निकालाने आमच्यासारख्या जुन्या माणसांचे डोळे ओले झाले. सहा महिन्यांतून एकदा इंजेक्शन. २०२४मध्ये दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ तरुण मुली-स्त्रियांना ते दिलं आणि एकीलाही लागण झाली नाही. जुलै २०२५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. तुझ्या हातात ते कधी पडेल हा वेगळा प्रश्न, पण घरात काही लपवावं लागत नाही अशी साधनं मागत राहा.

ट्रकचालकांबद्दल फार लिहीत नाही. एचआयव्हीच्या तंबूत शिरताना कुणाला कुणी पाहिलेलं नको असतं. तेव्हा रक्तदाब, डोळे, पाठदुखी बघणारा दवाखाना काढ, तो मुक्कामाच्या जागी रात्री उघडा ठेव, आणि चाचणी त्यातच असू दे. आज इथे चाचणी केलेला माणूस परवा आठशे किलोमीटरवर असणार, म्हणून कागद त्याच्याजवळ दे आणि पुढच्या थांब्यावरच्या केंद्राशी आधी बोलून ठेव.

तुझ्या यादीत एक गट मात्र मला दिसला नाही: ज्यांना लागण झालेली आहे ते लोक. प्रतिबंधाच्या आराखड्यात ते पहिल्या पानावर हवेत. २०११मध्ये एचपीटीएन ०५२ या औषधचाचणीने दाखवलं की लागण झालेल्या जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते. मग युरोपातला पार्टनर अभ्यास आला. ८८८ जोडपी, एक बाधित आणि औषधांवर, रक्तातला विषाणू मोजता न येण्याइतका कमी, कंडोमशिवाय ५८,००० संबंध. बाधित जोडीदाराकडून लागण झाल्याची एकही घटना नाही. २०१९मध्ये फक्त पुरुष जोडप्यांवरचा दुसरा भाग आला, त्याचाही निकाल शून्यच. हे ऐकून एक नवरा माझ्यासमोर रडला होता. अकरा वर्षं तो बायकोपासून वेगळ्या खोलीत झोपत होता. औषधं नियमित, व्हायरल लोड, म्हणजे रक्तातला विषाणू, न सापडणारा, पण हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

गरोदर स्त्रियांचंही तेच. काहीच केलं नाही तर बाळाला लागण होण्याचा संभव १५ ते ४५ टक्के, वेळेवर औषधं दिली तर ५च्याही खाली. आईकडून बाळाकडे जाणारी लागण जवळजवळ संपवल्याची पहिली मान्यता २०१५मध्ये क्यूबाला मिळाली. आणि आराखड्यात पेप, म्हणजे धोका घडून गेल्यावर घ्यायच्या औषधांसाठीही एक ओळ ठेव. बलात्कार, फाटलेला कंडोम, टोचलेली सुई यानंतर ७२ तासांच्या आत, जितकं लवकर तितकं चांगलं, २८ दिवसांची औषधं. ही औषधं मध्यरात्री कुठे मिळतील हे तुझ्या प्रत्येक कार्यकर्त्याला पाठ असायला हवं.

सुंतेचा विषय बैठकीत कुणीतरी वाचून आणेलच. स्त्रीकडून पुरुषाला होणारी लागण तिने साधारण ६० टक्क्यांनी कमी होते, पण २००७मधली शिफारस सर्वसामान्य लोकांतच साथ मोठी असलेल्या प्रदेशांसाठी होती. तुझ्या यादीतल्या बहुतेक गटांची अडचण तिने सुटत नाही.

अध्यक्षांची फेरी पूर्ण मोडीत काढू नकोस, त्यांचा मान राख. फेरीचा उपयोग होतो तो आजूबाजूच्यांचा तिटकारा कमी करायला: घरमालक, पोलीस, दवाखान्यातला कंपाउंडर. कवटी-हाडं काढलेली पोस्टरं तेवढी नकोत. ऑस्ट्रेलियात १९८७मध्ये टीव्हीवर यमदूतासारखी आकृती बोलिंगच्या खेळात चेंडूने पिना पाडाव्यात तशी माणसांना पाडते अशी जाहिरात आली होती. चाचणीला रांगा लागल्या त्या फारसा धोका नसलेल्या लोकांच्या, आणि समलिंगी पुरुषांकडेच लोक यमदूत म्हणून बघायला लागले, असं तिथल्या कार्यकर्त्यांनी पुढे सांगितलं.

बैठकीत प्रत्येक गटापुढे एकच प्रश्न लिहून ने: या माणसाचं आज रात्री नेमकं कुठे अडतं? पेटीवाल्या बाईचं शेजारच्या खोलीपाशी अडत होतं. गळूवाल्या मुलाचं पोलिसांपाशी, मुलीचं खुळखुळणाऱ्या डबीपाशी. उत्तर तुला ठाऊक नसेल तर त्या रकान्यात काहीच लिहू नकोस, आधी जाऊन विचारून ये. त्यासाठी प्रत्येक गटातल्या दोघा-तिघांना पगारी घे. 'स्वयंसेवक' म्हणून फुकट राबवू नकोस. आणि यश मोजायला 'पत्रकं किती वाटली' हा रकाना खोडून टाक. किती जण तिसऱ्यांदा आले, ते मोज.

राहिला आवाज बारीक होण्याचा प्रश्न. मलाही व्हायचं. त्या पेटीवाल्या बाईच्या वस्तीत कंडोमला 'टोपी' म्हणत. तिने मला एका दुपारी समोर बसवलं आणि धंद्यातले सगळे शब्द, एकापेक्षा एक कचकचीत, मोठ्याने म्हणायला लावले. चुकले की दारातल्या बाकीच्या जणी खिदळायच्या. संध्याकाळपर्यंत माझा घसा बसला होता आणि लाज कुठे गेली ते कळलंही नव्हतं. तुझ्या टापूतही अशी एखादी असेलच. बैठकीआधी एक दुपार तिच्याकडे काढ. आणि आराखड्याचा कच्चा खर्डा झाला की मला पाठव, वाचून कळवते. पोस्टरांचा खर्च शेवटच्या पानावर टाक.